एका संपावर सहा टँक: पहिल्यांदा बांधणाऱ्यासाठी

माशांचे तीन टँक होईपर्यंत काही वाटत नाही. चौथ्याला एक्स्टेंशन बोर्डवर जागा उरत नाही, पाचव्याला रविवारची अख्खी सकाळ स्पंज पिळण्यात जाते, आणि सहावा आला की माणूस हिशेब मांडायला बसतो: सहा फिल्टर, सहा हीटर, सहा वेळा पाणी बदलणं. त्यापेक्षा सगळ्यांचं पाणी खाली एका मोठ्या टाकीत उतरवावं, तिथेच गाळावं, तिथेच गरम करावं आणि एकाच पंपाने वर पाठवावं. या खालच्या टाकीला संप म्हणतात. पंप बंद पडला की संपच संपावर गेला, हा विनोद तुम्हाला पहिल्याच महिन्यात सुचेल, तेव्हा आत्ताच करून मोकळे होऊ.

फायदा खरा आहे. ५५ लिटरच्या टँकमध्ये एक मासा दगडामागे मरून पडला तर दोन दिवसांत पाणी बिघडतं. ४०० लिटरच्या एकत्रित पाण्यात तेच बिघडणं बरंच हळू होतं, आणि सावरायला वेळ मिळतो. पण बांधणी करताना लोक चालू असलेल्या सिस्टीमचा विचार करतात आणि गोत्यात येतात. माझ्या मते विचार बंद पडलेल्या सिस्टीमचा करायचा. कागदावर पहिली रेघ मारण्याआधी दोन प्रश्न लिहून ठेवा: लाइट गेली तर पाणी कुठे जाईल? आणि एखाद्या टँकची उतरणीची वाट तुंबली तर पाणी कुठे जाईल? दोन्हींचं उत्तर 'जमिनीवर' असं नसलं पाहिजे. पुढचं जवळजवळ सगळं या दोन प्रश्नांतूनच येतं.

आधी मासे ठरवा

पाणी एक, म्हणजे तापमान, पीएच आणि कडकपणाही एकच. डिस्कसला २८ ते ३० अंशांचं मऊ पाणी लागतं, गोल्डफिश १८ ते २२ अंशांत खूश असतो, मलावी सिक्लिडला पीएच ८ च्या आसपास हवा. हे तिघे एका संपावर नांदणार नाहीत, कितीही व्हॉल्व्ह लावा. गप्पी, मॉली, प्लॅटी अशी एका पाण्यातली मंडळी निवडली तर सहाही टँक भरतील. ज्याचं कुणाशीच जमत नाही त्याला त्याच्या जुन्या फिल्टरवर वेगळं राहू द्या.

मांडणी आणि वजन

या लेखात मी एकच उदाहरण घेऊन चालतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरचे सहा टँक. आखूड बाजू पुढे, लांबी भिंतीकडे. एका फळीवर तीन, अशा दोन फळ्या. सर्वांत खाली ९० × ४० × ४० चा संप. टँकमध्ये पाण्याची उंची ३१ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येकी साधारण ५५ लिटर. संपात ८० लिटर धरले की एकूण ४०० लिटरच्या वर जातं.

पाणी, काच आणि संप मिळून वजन पाचशे किलोच्या घरात, वर स्टँडचं वेगळं. पुस्तकांच्या रॅकचं हे काम नाही. वेल्डिंग केलेलं लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडाची चौकट घ्या, टँकखाली फोमची शीट टाका आणि स्पिरिट लेव्हल लावून बघा. वरच्या फळीवर हात आणि जाळी आत जाईल एवढी जागा सोडा. मी पहिल्या वेळी दोन फळ्यांमधली जागा कमी ठेवली होती. खालच्या टँकमधला मासा पकडायला दोन वर्षं कोपर वाकडं करून काढली.

पाणी खाली कसं उतरवायचं

काचेला भोक पाडायची भीती वाटते म्हणून बरेच जण काठावर अडकवायचे सायफन ओव्हरफ्लो घेतात, किंवा टँक एकमेकांना उलट्या यू पाइपने जोडतात. दोन्हींत एक खोट आहे. पाइपच्या माथ्यावर हळूहळू हवा साचते, एक दिवस सायफन तुटतो, पाणी उतरायचं थांबतं, आणि पंपाला हे कुणी सांगत नाही. तो वर ढकलतच राहतो. नवशिक्याने भोकच पाडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

भोक तळाला पाडू नका, मागच्या काचेला वरच्या बाजूला पाडा. तळातला उभा पाइप निसटला तर अख्खा टँक रिकामा होतो. मागच्या काचेतलं काहीही तुटलं तरी पाणी भोकापर्यंतच उतरतं आणि मासे वाचतात.

काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) नाही ना, हे आधी तपासा. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. पोलराइज्ड गॉगल घाला, काचेमागे चालू एलसीडी स्क्रीन धरा. काळसर डाग किंवा पट्टे दिसले तर ती काच टफन्ड, तिला हात लावू नका.

साधी काच असेल तर डायमंड होल सॉ (गोल भोक कापणारं ड्रिलचं पातं) घ्या. टँक कनेक्टर (भोकात बसून पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा) आधी विकत आणा, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि मगच सॉचं माप ठरवा. '२५ मिलिमीटरचा कनेक्टर' असं म्हणताना २५ हे पाइपचं माप असतं. भोक ४० च्या पुढे जातं. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर ठेवा. टँक आडवा झोपवा, जागेभोवती मळलेल्या मातीचं आळं करा, त्यात पाणी ओता. आतल्या बाजूने चिकटपट्टी लावा, म्हणजे कापलेली चकती खाली आदळणार नाही. ड्रिल मंद वेगात, सुरुवातीला थोडं तिरकं. खाच पडली की सरळ. दाबायचं नाही, मशीनचं वजन पुरतं. पाण्यात पांढरं दूध उतरायला लागलं की काम बरोबर चाललंय. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला हात आणखी हलका करा, कारण काच तडकते ती तिथेच.

कनेक्टरचा रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला, म्हणजे टँकच्या आत. नट हाताने आवळा आणि वर पाव फेरा. पान्हा घेऊन जोर काढलात तर आवाज येईल, आणि तो प्लास्टिकचा नसेल.

आतून एक एल्बो (काटकोनात वळलेला सांधा) तोंड वर करून बसवा, चिकटवू नका. ती थोडी फिरवली की पाण्याची पातळी वर-खाली करता येते. तोंडावर जाळी हवीच. बाहेर पाइप खाली वळतो तिथे टी (तीन तोंडांचा सांधा) लावून तिचं वरचं तोंड उघडं ठेवा. तिथून हवा आत जाते, नाहीतर पाइप दर दहा सेकंदांनी घशात पाणी अडकल्यासारखा घुरघुरतो. सगळ्या टँकचे २५ मिलिमीटरचे पाइप ५० मिलिमीटरच्या मोठ्या पाइपात उतरू द्या. या आडव्या पाइपाला मीटरमागे किमान १ सेंटिमीटर उतार द्या. २ दिला तर गाळ बसत नाही.

पंप आणि वर जाणारी लाइन

तासाला प्रत्येक टँकचं पाणी चार ते पाच वेळा फिरलं की पुरे. आपल्या टँकला ताशी २५० लिटर, सहांना १५००. आता पंपाच्या डब्यावर १५०० लिहिलेला पंप आणू नका. तो आकडा शून्य उंचीचा असतो. संपापासून वरच्या टँकपर्यंत दीड मीटरच्या वर चढ आहे, त्यात एल्बो आणि व्हॉल्व्हची अडवणूक. पंपासोबत उंची आणि प्रवाहाचा आलेख येतो, त्यात १६० सेंटिमीटरला किती मिळतं ते बघून घ्या. बहुतेक वेळा डब्यावरचा आकडा दुप्पट किंवा जास्त लागतो.

वरची लाइन शक्यतो रिंग करून बांधा, म्हणजे पाइप सगळ्या टँकवरून फिरून परत स्वतःलाच मिळेल. दाब बराच सारखा राहतो. प्रत्येक टँकला एक टी, एक बॉल व्हॉल्व्ह. एक जादा फांदी व्हॉल्व्हसकट थेट संपात सोडा. प्रवाह जास्त झाला तर पंपाचा गळा न आवळता जास्तीचं पाणी इथून परत जातं. पंपाजवळ युनियन (उघडता येणारा सांधा) लावा. सगळं सॉल्व्हंटने चिकटवून टाकलं तर पंप साफ करायला पाइप कापावा लागतो, आणि हे मी करून बसलोय.

प्रवाह जुळवताना सर्वांत लांबचा, वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि जवळचे थोडे थोडे बंद करत या. मोजायला १ लिटरचा मग पुरतो: चौदा-पंधरा सेकंदांत भरला की ताशी २५० लिटर झाले.

पहिला प्रश्न: लाइट गेली तर?

पंप थांबला की वर पाणी सोडणारे पाइप उलटे चालायला लागतात. पाइपाचं तोंड पाण्याखाली जितकं खोल, तितकं पाणी सायफनने संपात येतं. तोंड ३ सेंटिमीटर खोल असेल तर एका टँकमधून ६० × ३० × ३, म्हणजे ५.४ लिटर. सहांचे ३२.४. पाइपांत अडकलेलं पाणी वेगळं: २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे अर्धा लिटर, दहा मीटरचे पाच. झाले साधारण साडेसदतीस लिटर. आपल्या संपात एवढं पाणी आलं की पातळी जवळपास साडेदहा सेंटिमीटर चढते. म्हणून चालू असताना संपाची पातळी २२ सेंटिमीटर ठेवायची. लाइट गेल्यावर ती ३३ च्या आसपास थांबते आणि ४० च्या काठाखाली ७ सेंटिमीटर उरतात.

हेच तोंड कुणी साफसफाई करताना १० सेंटिमीटर खाली ढकललं तर? एका टँकचे १८ लिटर, सहांचे १०८. संप भरून वाहणार. म्हणून पाइप क्लिपने पक्के करा आणि पातळीच्या लगेच खाली ४ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तिथे हवा शिरून सायफन तुटेल. हे भोक शेवाळाने बुजतं, तेव्हा हिशेब मात्र भोक नाहीच असं धरून करा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर तर अजिबात विसंबू नका. एक चिमुकली गोगलगाय त्याच्या झडपेत बसली की तो फक्त पाइपचा तुकडा उरतो.

दुसरा प्रश्न: जाळी तुंबली तर?

एका टँकची जाळी पानाने बुजली की त्यात पाणी येत राहतं आणि जात नाही. ते येतं कुठून? संपातल्या पंपाच्या खणातून (संपाचे उभ्या काचांनी खण पाडलेले असतात). बाकीच्या खणांची पातळी मधल्या काचांनी धरून ठेवलेली असते, उतरतो तो फक्त शेवटचा खण. म्हणजे या खणात पंपाच्या तोंडावर जितकं पाणी, साधारण तितकंच वर जाऊ शकतं. आपल्या टँकमध्ये पाण्यावर ५ सेंटिमीटर मोकळी जागा आहे, म्हणजे ९ लिटर. पंपाचा खण १५ × ४० चा करून तोंडावर १० सेंटिमीटर पाणी ठेवलं तर ६ लिटर. जाळी तुंबली, पंप खण रिकामा करून हवा ओढत किंचाळायला लागला, तरी फरशी कोरडी.

इथे एक पेच आहे. खण लहान, म्हणजे बाष्पीभवनाने तोच आधी आटतो, आणि झाकणं नसलेले सहा टँक बरंच पाणी उडवतात. तुमच्या मनात लगेच येईल की नळाला फ्लोट व्हॉल्व्ह जोडून टाकावा. थांबा. जाळी तुंबलेल्या दिवशी खण उतरला की तोच फ्लोट इमानेइतबारे नळाचं पाणी आत सोडत राहील, आणि वरचे ९ लिटर कधीच संपलेले असतील. त्यापेक्षा टँकना काचेची झाकणं घाला आणि रोज सकाळी खणावरच्या रेघेपर्यंत हाताने भरा. लांबच्या प्रवासासाठी फ्लोट लावायचाच असेल तर आधी प्रत्येक टँकला पहिल्या भोकाच्या शेजारी, थोडं वर, दुसरं संकटकालीन भोक आणि स्वतंत्र पाइप हवा.

माझ्याकडे हा प्रसंग एका पहाटे आला. एका मोठ्या गोगलगाईने एल्बोच्या तोंडावर अगदी मापात बसून झोप काढली होती. तेव्हा माझा पंपाचा खण ऐसपैस होता, तीस लिटरचा. उरलेलं सांगत नाही. फक्त एवढंच की एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर होता. आता बोर्ड भिंतीवर, संपाच्या काठापेक्षा उंच. प्रत्येक वायर आधी प्लगच्या खाली लोंबते आणि मग वर जाते, म्हणजे वायरीवरून आलेला ओघळ प्लगमध्ये न जाता खाली टपकतो. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आहे. हा लावल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

संपाच्या आत

पाणी आधी गाळणीच्या पिशवीतून किंवा जाड स्पंजातून यावं, मग मीडियातून, मग हीटर, शेवटी पंप. पिशवी आठवड्यातून दोनदा धुवायची तयारी नसेल तर स्पंजच बरा. मीडिया म्हणून सिरॅमिक रिंग, लाव्हा दगड, प्लास्टिकच्या घासण्या, काहीही चालतं. जिवाणूंना पृष्ठभाग आणि प्राणवायू मिळाल्याशी मतलब. हीटर मधल्या खणात, जिथे पातळी कधी उतरत नाही. लिटरला साधारण १ वॉट धरा, पण ४०० चा एक घेण्यापेक्षा २०० चे दोन घ्या. एक बंद पडला तर मासे गारठत नाहीत, एक चालूच अडकला तर उकडत नाहीत.

मीडिया किती हे टँकच्या संख्येपेक्षा खाद्यावर ठरतं. ४० टक्के प्रथिनांचं १० ग्रॅम खाद्य रोज पडलं तर त्यातून साधारण ०.३७ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतं. ४०० लिटरमध्ये हे रोज लिटरमागे ०.९ मिलिग्रॅम. जिवाणू ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण या कामात पाण्यातले कार्बोनेट खर्ची पडतात: १ ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम. आपल्या हिशेबात आठवड्याला लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, म्हणजे केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) अडीच डिग्रीने खाली. मऊ पाणी असेल तर एखाद्या महिन्यात पीएच अचानक कोसळतो आणि सहाही टँक एकदम आजारी दिसतात. नवशिका तेव्हा औषध शोधतो. केएच मोजा. संपात शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी ठेवली आणि आठवड्याला पाव पाणी बदललं तर ही वेळ सहसा येत नाही. क्लोरीन घालवायचं औषध, नवं पाणी थेट संपात ओतणार असाल तर, पूर्ण ४०० लिटरच्या हिशेबाने टाका.

सुरू करताना

माशांशिवाय पाणी भरा, २४ तास चालवा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू फिरवा. मग प्लग काढा आणि उभे राहून बघा. पाणी चढायचं थांबलं की संपावर मार्करने रेघ मारा. पंप चालू करून चालू पातळीची दुसरी. त्यानंतर एका एल्बोचं तोंड हाताने झाकून टँक भरून वाहतो का ते पाहा. बादली जवळ असू द्या.

सायकलिंगला, म्हणजे मीडियात हे जिवाणू वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की तयार. जुन्या टँकचे स्पंज संपात टाकले तर बरंच लवकर होतं, आणि तुमच्याकडे ते आहेतच. तरीही मासे एका वेळी एका टँकचेच सोडा.

आजारपण

ही या पद्धतीची दुखरी बाजू. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशावरून सुटून तळाशी जातो, तिथे फुटतो, आणि त्याची शेकडो पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात पोहतात. तुमचा पंप त्यांना घरपोच पोचवतो. मी एकदा 'मासा दिसतोय तर ठणठणीत' म्हणून क्वारंटाइन चुकवलं, आणि सहा टँकना एकत्र औषध करायची पाळी आली.

नवा मासा चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, वेगळा स्पंज फिल्टर, वेगळी जाळी, वेगळी बादली. यात सूट नाही. आतला मासा आजारी पडला तर त्या टँकचा व्हॉल्व्ह बंद करा. उतरणीची वाट वरून असल्याने पाणी जागच्या जागी राहतं आणि तो टँक सुटा होतो. एक स्पंज फिल्टर आणि हीटर त्यासाठी तयार ठेवा, औषध तिथेच टाका. संपात औषध टाकू नका; कित्येक औषधं मीडियातल्या जिवाणूंनाही मारतात, आणि तांब्याचं असेल तर गोगलगाई आणि कोळंबीही जाते. वर जाणाऱ्या लाइनवर यूव्ही दिवा लावला तर पाण्यातून वाहणारे जंतू कमी होतात. झेब्रा मासे पाळणाऱ्या प्रयोगशाळांत शेकडो छोट्या टाक्या एकाच पाण्यावर, २८.५ अंशांत चालतात, तिथे यूव्ही नेहमीचा असतो. पण माशाच्या अंगावर आधीच बसलेल्या परजीवीला तो काही करत नाही, आणि त्याची नळी वर्षभरात बदलावी लागते, जळत असली तरी.

प्रत्येक टँकमध्ये एअर स्टोनही असू द्या आणि एअर पंप बॅटरीवर चालेल असा घ्या. लाइट गेली की संपातला प्रवाह थांबतो आणि माशांइतकाच मीडियाही गुदमरतो, म्हणून एक स्टोन संपातही सोडा.

महिन्यातून एकदा प्लग काढून पाणी पहिल्या रेघेलाच थांबतं का ते बघायचं. रेघेच्या वर गेलं तर सायफनचं भोक बुजलंय किंवा एखादं तोंड खाली सरकलंय. मीडियाचा खण उघडण्याआधी आत टॉर्च मारा. माझ्या संपात गेल्या खेपेला गप्पीची अकरा पिल्लं निघाली, जाळीतून निसटून आलेली, आणि वरच्या भावंडांपेक्षा चांगली गुबगुबीत.